अठरा बाय दहाची कॉपी

खाणीत फावडं मारलं की ‘थप्प’ असा आवाज यायचा. त्या हंगामात तो ‘खर्र’ असा यायला लागला. नवऱ्याने पहिल्या दिवशी फावड्याला दोष दिला, दुसऱ्या दिवशी कानांना. तिसऱ्या दिवशी तो खाली वाकला, मूठभर माती उचलली, बोटांत चोळली आणि जिथली तिथे ठेवली. चिकणमाती संपत आली होती. खाली मुरूम लागला होता. मुरमाची वीट पडत नाही, आणि पडली तर भट्टीत फुटते.

“हा हंगाम निघेल,” तो म्हणाला. “पुढचा नाही.”

“काय?” त्याच्या आईने विचारलं.

तिला सगळी वस्ती कायबाई म्हणायची. समोरच्याने काहीही म्हटलं तरी ती ‘काय?’ विचारायची. कोणी “आणलं” म्हटलं की “काय?” कोणी “विसरलो” म्हटलं की “काय?” एकदा शेजारचा सुतार दमून येऊन “मेलो!” म्हणाला. कायबाईने विचारलं, “काय?” सुताराने बराच विचार केला, त्याला उत्तर सुचलं नाही, आणि तो तसाच जिवंत घरी गेला.

“माती, आई. माती संपली,” त्याची बायको, म्हणजे कायबाईची सून, म्हणाली.

माती संपली म्हणजे उठायचं, दुसऱ्या खाणीवर जायचं. ही धरून कायबाईने आजवर सात खाणी संपवल्या होत्या. विटा पाडणाऱ्यांचं घर सुट्या विटांचं असतं. चुना नाही, सिमेंट नाही, वीट नुसती विटेवर ठेवायची. उठायची वेळ आली की भिंती गाडीत भरायच्या आणि गिऱ्हाइकाला देऊन टाकायच्या. भिंतीला टेकून बसायचं नाही हा घरातला एकमेव कडक नियम होता. मागे एक पाहुणे टेकले होते. पाहुणे आणि भिंत दोघंही शेजाऱ्यांच्या चुलीपर्यंत गेले.

अशा भिंतीत खिळा ठोकता येत नाही. कायबाईच्या लग्नात तिला आरसा मिळाला होता, हातभर उंच, लाकडी चौकटीचा. तो चाळीस वर्षं जमिनीवर उभा होता. केस विंचरायचे तर वाकून नाहीतर बसून. उभी राहिल्यावर आपण कशा दिसतो ते कायबाईला ठाऊक नव्हतं. ती म्हणायची, गुडघे ओळखीचे आहेत, तेवढं पुरे.

सुनेला मात्र एवढं पुरे नव्हतं. तिच्या डोक्यात टेकडीवरचं पंपघर होतं.

टेकडीवर पाण्याची टाकी होती, टाकीखाली पंप, आणि पंपामागे एक खोली. खरीखुरी खोली. चारी भिंतींना गिलावा, लोखंडी दार, वर पक्कं छत. पंप चालवणारा तिथे राहायचा. पंपवाले काका या वर्षी काम सोडणार होते. त्यांच्या जागेला माणूस हवा होता, बाई असली तरी चालणार होती. अट एकच होती, शालान्त परीक्षा पास.

सून सगळ्या विषयांत पास होती. फक्त इंग्रजीत तीनदा नापास. तिन्ही वेळा एकाच प्रश्नाने तिचा घात केला होता. वीस क्रियापदं द्यायचे आणि विचारायचे, यांतली सकर्मक कुठली, अकर्मक कुठली, दोन्हीकडे चालणारी कुठली. तीन रकाने करा. तिन्ही वेळा तिने मनाला येईल ते लिहिलं होतं, आणि मनाला बरोबर चुकीचंच यायचं.

“निकाल लागेपर्यंत मी रोज येतो,” पंपवाले काका गुडघा चोळत म्हणाले होते. “त्याच्यापुढे एक दिवस नाही. हा गुडघा मला आत्ताच शिव्या देतो.”

परीक्षेला दोन महिने होते. अभ्यासाला वेळ अजिबात नव्हता. पहाटे गारा तुडवायचा, म्हणजे मातीत राख आणि पाणी घालून पोटऱ्या भरून येईपर्यंत पायांनी मळायचा. मग उन्हं चढेपर्यंत विटा पाडायच्या. साचा पाण्यात बुडवायचा, राखेत फिरवायचा, गाऱ्याचा गोळा दाणकन आपटायचा, वरचा भाग हाताने सपाट करायचा, साचा उलटा करून उचलायचा. वीट जमिनीवर. पुढची. पाठ वाकलेली ती दुपारीच सरळ व्हायची, तीही टप्प्याटप्प्याने.

तिने पुस्तक शेजारी ठेवून बघितलं. पुस्तक गाऱ्यात पडलं. उन्हात वाळवल्यावर ते उघडेना. नवऱ्याने ते हातात घेऊन वजन केलं आणि म्हणाला, “भाजून बघू का?”

शेवटी युक्ती विटांनीच दिली. ओली वीट आदल्या दिवशी आडवी पडलेली असते. दुसऱ्या दिवशी जरा घट्ट झाली की ती उचलून कडेवर उभी करायची, म्हणजे वारा सगळीकडून लागतो. तेव्हा तिची लांब कड वर येते, अजून मऊ, कोऱ्या पाटीसारखी. सुनेने एक लांब खिळा घेतला आणि वीट उभी करता करता कडेवर एक क्रियापद कोरलं. पुढच्या विटेवर दुसरं. दिवसाला शंभर विटा लिहून व्हायला लागल्या. इतका गृहपाठ त्या शाळेने कधी बघितला नव्हता.

“हे काय चाललंय?” कायबाईने विचारलं.

“इंग्रजी, आई. काही शब्दांना पुढे काहीतरी लागतं, काहींना लागत नाही. कुठल्याला लागतं ते ओळखायचंय.”

“म्हणजे ‘काय?’ विचारलं की उत्तर आहे की नाही, एवढंच ना?”

सुनेचा खिळा थांबला. पुस्तकाने हे सांगायला पाच पानं घेतली होती.

“मग मला विचार की,” कायबाई साचा आपटत म्हणाली. “मी जन्मभर दुसरं काय करतेय?”

त्या दिवसापासून अभ्यास जोरात सुरू झाला. सून शब्द वाचून अर्थ सांगायची, कायबाई गाऱ्याच्या गोळ्याबरोबर प्रश्न आपटायची.

“ईट. खाल्लं.”

“काय?”

“डोकं माझं.”

“उत्तर आलं. डावीकडे.”

“स्लीप. झोपला.”

“काय?” कायबाई थांबली, तिने स्वतःच्याच प्रश्नाकडे संशयाने बघितलं. “काय झोपला? छे. कोण झोपला ते विचारावं. याला काही नाही. उजवीकडे टाक.”

डावीकडे सकर्मक, उजवीकडे अकर्मक अशा थप्प्या चढायला लागल्या. ‘स्लीप’ उजव्या थप्पीत फारच निघाला, कारण दुपारच्या विटांवर दुसरा शब्द तिला आठवत नसे. ‘कॅरी’ सगळ्या डावीकडे, आणि त्यातल्या बऱ्याच वाकड्या, कारण त्या आठवड्यात विटांची पाटी वाहून तिचा खांदा सुजला होता.

काही शब्दांवर भांडणं झाली.

“एन्टर. शिरला.”

“काय? कुठे शिरला असं विचार. उजवीकडे.”

“नाही आई, पुस्तक म्हणतं डावीकडे. इंग्रजीत खोलीत शिरत नाहीत. नुसती खोली शिरतात.”

“खोली शिरतात?” कायबाईने साचा खाली ठेवला. “दाराने?”

“आणि मॅरी. लग्न केलं.”

“कोणाशी?”

“‘शी’ नाही लागत. थेट. मध्ये काहीच नाही.”

“सोय चांगली आहे,” कायबाई म्हणाली, “पण आपल्या वेळी मध्ये तुझ्या सासऱ्याचा मामा होता म्हणून ठरलं. बरं, डावीकडे.”

तिसरी थप्पी दोन्हीकडच्या शब्दांची. ‘बर्न’ घ्या. भट्टी जळते आणि भट्टी लाकडं जाळते. आपल्याकडे दोन वेगळे शब्द, तिकडे दोघांत एकच.

“दोन भावांत एक चपलांचा जोड,” कायबाई म्हणाली. “जो बाहेर जाईल त्याने घालायचा.”

भट्टी लावायची वेळ आली तेव्हा नवरा डोकं खाजवत उभा राहिला. “या थप्प्या भट्टीतही वेगळ्याच ठेवायच्या?”

“मिसळल्या तर मी उजळणी कशी करू?”

“गिऱ्हाईक काय म्हणेल, विटेवर लिहिलंय?”

“गिऱ्हाइकाला इंग्रजी येत असेल तर त्याचा फायदा. येत नसेल तर त्याला नक्षी वाटेल.”

तो जास्त बोलणारा माणूस नव्हता. बायको तीनदा निकाल बघून घरी आली, तेव्हा तिन्ही वेळा त्याने एकच काम केलं होतं. तिच्या वाटणीचा गारा तुडवून ठेवला होता. आताही त्याने मान हलवली आणि डावीकडच्या विटा डावीकडे, उजवीकडच्या उजवीकडे, दोन्हीकडच्या मधोमध रचून भट्टी पेटवली. सात दिवस भट्टीने व्याकरण भाजलं. विटा लाल झाल्या, अक्षरं पक्की झाली.

गिऱ्हाईक निघालं शाळाच. शाळा एक नवी खोली बांधत होती. गवंडी गाडी घेऊन आला. तो शिस्तीचा माणूस होता, ओळंबा खिशात घेऊन झोपायचा असं लोक म्हणत. त्याला वाचता येत नव्हतं. त्याने एक वीट उचलली, अक्षरांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, “छान आहे. आणि हे तीन ढीग वेगळे का?”

तेव्हा सुनेने ती चूक केली. महिनाभर जे वाक्य ती दिवसातून दहादा नवऱ्याला म्हणत होती, तेच तोंडातून गेलं.

“मिसळू नका हं दादा. ती वेगवेगळी आहेत.”

गवंड्याने गंभीरपणे मान हलवली. गाडी गेली. घरात सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की भिंतीला गिलावा होणार आणि सगळं झाकलं जाणार. सून रिकाम्या जमिनीकडे बघून तोंडपाठ उजळणी करायला लागली.

परीक्षेच्या दिवशी तिघंही शाळेत आले. नवरा आणि कायबाई फाटकाबाहेर झाडाखाली बसले, शेजारी हातगाडी, तिच्यात दोन पिंपं पाणी आणि चाळलेली माती. परत जाताना एका घरी चूल लिंपून द्यायची होती. एक दिवस फुकट घालवणं त्या घराला परवडत नसे.

बाहेरून बसणाऱ्या उमेदवारांना नवी खोली दिली होती. एकूण वीस जण. सुनेच्या शेजारच्या बाकावर एक न्हावी होता, सहाव्यांदा बसलेला. परीक्षेची त्याला इतकी सवय झाली होती की तो घरून उशी घेऊन आला होता. सून आत शिरली, बाकावर बसली, मान वर केली, आणि तिच्या हातातलं पेन गळून पडलं.

गिलाव्याचं सामान आलंच नव्हतं. समोरची भिंत उघडी होती. गवंड्याने एकही वीट मिसळली नव्हती. फळ्याच्या डावीकडे सगळी सकर्मक क्रियापदं, अक्षरं बाहेरच्या अंगाला, एकही उलटं नाही. उजवीकडे सगळी अकर्मक. फळ्याच्या वरच्या पट्ट्यात दोन्हीकडची. नक्षी दिसावी म्हणून त्याने सांधेसुद्धा पातळ ठेवले होते.

घंटा झाली. प्रश्नपत्रिका आल्या. चौथा प्रश्न, वीस क्रियापदं, तीन रकाने.

सुनेने नजर बाकावर खिळवली. वर बघायचं नाही. पण बाकीच्या एकोणीस जणांना हळूहळू साक्षात्कार होत होता. एकेक मान उचलली जात होती, चेहऱ्यावर भक्तिभाव दाटत होता. न्हाव्याने तर हात जोडले.

पर्यवेक्षक साहेब जाड चष्म्याचे, आयुष्यभर वर्गात मागे उभे राहून लोकांच्या माना बघणारे. वीसपैकी एकोणीस माना एकाच दिशेला बघून तेही त्याच दिशेला वळले. त्यांनी भिंत वाचली. डावीकडून वाचली, उजवीकडून वाचली. मग चष्मा पुसून पुन्हा वाचली.

“हे कोणी लिहिलंय?”

सून उठली. पाय गाऱ्यात असल्यासारखे जड झाले होते.

“मी, साहेब.”

“पुढे ये.” त्यांनी तिची उत्तरपत्रिका उचलून काखेत घेतली. तिला भिंतीपाशी उभं केलं. “कितव्यांदा बसतेस?”

“चौथ्यांदा.”

“तीनदा नापास झालीस, म्हणून चौथ्यांदा भिंत बांधलीस?”

मागे कोणीतरी फिसकन हसलं. सुनेचे कान तापले. खांद्यावर फाटलेला शिवलेला भाग होता, तो ती हाताने झाकायला गेली आणि नखांतली माती सगळ्यांना दिसली.

“भिंत गवंड्याने बांधली, साहेब. आम्ही विटा पाडल्या. अभ्यासाला वही नव्हती म्हणून विटेवर लिहायची. भिंत अशी होईल हे ठाऊक असतं तर मी विटा फोडल्या असत्या.”

साहेबांनी तिच्या हातांकडे बघितलं, मग नियमांचं पुस्तक उघडलं. ते वाईट गृहस्थ नव्हते, फक्त नियमांच्या बाहेर त्यांना श्वास घेता येत नसे. त्यांनी जप्तीचा फॉर्म काढला आणि उभ्याउभ्या भरायला घेतला. ‘आढळलेले साहित्य’ यापुढे लिहिलं, भिंत. ‘आकारमान’ यापुढे, अठरा फूट बाय दहा. ‘साहित्य कोठे लपवले होते?’ इथे त्यांनी भिंतीकडे पुन्हा एकदा बघितलं आणि लिहिलं, लपवले नव्हते.

“नियम सरळ आहे,” ते म्हणाले. “साहित्य खोलीबाहेर काढायचं, नाहीतर उमेदवार. आता भिंत बाहेर काढली तर छप्पर खाली येईल. म्हणजे तू बाहेर.”

“आम्ही दुसरीकडे तोंड करून बसतो,” न्हावी म्हणाला.

“मान फिरते,” साहेब म्हणाले. तीस वर्षांचा अनुभव होता.

“मग निदान उजवी बाजू तरी राहू द्या, साहेब. डावी मला येते.”

सुनेला पंपघराचं लोखंडी दार दिसत होतं, आणि ते बंद होत होतं. मग तिला आठवी खाण दिसली, तिथलं सुट्या विटांचं घर दिसलं, आणि जमिनीवर वाकून केस विंचरणारी कायबाई. पुन्हा एकदा उठायचं. त्या क्षणी तिची भीती गेली आणि तिला राग आला. साहेबांचा नाही, त्या भिंतीचा. आपणच पाडलेल्या विटा आपल्याला बाहेर घालवणार?

“साहेब,” ती म्हणाली, “लिंपलेली भिंत साहित्य ठरते का?”

साहेबांनी पुस्तक चाळलं. पुढून मागे, मागून पुढे. “तसा उल्लेख नाही.”

“मग लिंपून देतो. माझी माणसं बाहेरच आहेत. माती, पाणी, सगळं बरोबर आहे.”

“आत्ता?”

“आत्ता.”

“वेळ वाढणार नाही,” साहेब म्हणाले. “तुलाही नाही, कोणालाच नाही. तोवर उत्तरपत्रिका माझ्या काखेत. आणि लिंपणाऱ्यांनी एक अक्षर बोलायचं नाही. एक अक्षर बोललं की ती मदत धरली जाईल, आणि तू बाहेर.”

एक अक्षर. साहेबांना ठाऊक नव्हतं की त्यांनी कोणाला गप्प राहायला सांगितलंय.

शिपाई धावत फाटकाकडे गेला. नवरा आत आला तो पिंप उचलूनच. मागून पाटी डोक्यावर घेऊन कायबाई. शाळेच्या खोलीत ती पहिल्यांदाच येत होती. उंबरठ्यावर थबकली, भिंत बघितली, सून बघितली, आणि तिचं तोंड उघडलं.

सुनेने ओठांवर बोट ठेवलं. अख्ख्या आयुष्याची विनवणी त्या बोटात होती.

कायबाईचं तोंड उघडंच राहिलं. तो शब्द घशापर्यंत आलेला स्पष्ट दिसत होता. मग तिने तो गिळला. गिळताना मान हलली, डोळ्यांत पाणी आलं, पण गिळला.

नवऱ्याने जमिनीवर माती ओतली, पाणी घातलं, विजार दुमडली आणि परीक्षेच्या खोलीत, फळ्यासमोर, गारा तुडवायला सुरुवात केली. पच्, पच्, पच्. उमेदवार पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं लिहीत होते आणि मध्येच पाय वर घेत होते. गवंडी शेजारच्या व्हरांड्यात काम करत होता, तो आवाज ऐकून डोकावला. आपली एवढी शिस्तीत लावलेली भिंत झाकली जातेय हे बघून त्याचा चेहरा पडला. त्याने दोनदा छातीवर हात ठेवला, एक उसासा टाकला, मग शिडी आणली. उंचावर दुसऱ्या कोणाचा हात पोहोचणार नव्हता.

कायबाई डावीकडून सुरू झाली. हातात गोळा घ्यायचा, भिंतीवर मारायचा, तळव्याने अर्धगोल फिरवायचा. ‘ईट’ गेला. ‘कॅरी’ गेल्या, सगळ्या वाकड्या. ‘एन्टर’पाशी तिचा हात थांबला. शब्द तिला वाचता येत नव्हता, पण ती वीट तिने ओळखली, भांडणाची म्हणून. तिने वळून सुनेकडे बघितलं आणि एक भुवई उंचावली.

“भुवया खाली,” साहेब म्हणाले.

कायबाईने भुवई खाली आणली आणि ‘एन्टर’वर दोन थर जास्त दिले.

सून तिथेच उभी होती, हात बांधून. तिचे हात शिवशिवत होते. समोर भिंत लिंपायची आहे आणि आपण नुसतं उभं राहायचं, असं तिच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. खिडकीतून गरम वारा येत होता आणि डावीकडचा लेप वाळून फिका पडायला लागला होता. नवऱ्याच्या कानशिलावरून घामाचे ओघळ गळ्यात उतरत होते. तो तिच्याकडे बघत नव्हता, पायांकडेही नाही. तो साहेबांच्या काखेतल्या कागदांकडे बघत होता, आणि पाय आणखी जोरात पडत होते.

पन्नास मिनिटांत भिंत संपली. शिडीवरून गवंड्याने शेवटचा गोळा मारला, मागे वाकून डोळा बारीक केला, सवयीने ओळंबा सोडून बघितला. भिंत सरळ होती. अक्षर एकही उरलं नव्हतं. साहेबांनी जवळ जाऊन नाक लावून पाहणी केली. मागे आले तेव्हा नाकाच्या शेंड्याला माती होती, ती सांगायची कोणाची हिंमत झाली नाही. त्यांनी काखेतून उत्तरपत्रिका काढून सुनेच्या हातात दिली.

“बस.”

ती बसली. पहिले तीन प्रश्न तिने भराभर संपवले. मग चौथा.

समोर ओली, कोरी, तपकिरी भिंत. आणि गंमत अशी की आता तिला सगळं दिसायला लागलं. ‘कॅरी’ म्हटलं की खांदा ठणकला. डावीकडे. ‘लाफ’ म्हटलं की ती दुपार आठवली, नवरा गाऱ्यात घसरून बसला आणि कायबाई हसता हसता स्वतः घसरली. हसली, काय? काही नाही. उजवीकडे. ‘बर्न’ म्हटलं की भट्टीची झळ कपाळाला लागली. मधला रकाना. एकेक शब्द विटेसारखा हाताला लागत होता, कुठल्या दिवशीचा, किती ओला, कुठल्या थप्पीतला. एकोणीस शब्द झाले.

विसावा शब्द तिने कधी कोरलाच नव्हता. ‘रिमेन’. अर्थ ठाऊक होता. राहणे, मागे राहणे, टिकणे. पण थप्पी कुठली?

तिने मान वर केली. दाराशी कायबाई हात पुसत उभी होती, ओठ घट्ट मिटलेले, गाल फुगलेले, अख्खी बाई म्हणजे एक दाबून धरलेला प्रश्न. तिने आवाज काढायची गरजच नव्हती. चार वर्षं तो आवाज ऐकून सुनेच्या कानात त्याचं घर झालं होतं.

राहिलो. काय?

काय राहिलो? काही नाही. नुसतं राहिलो. पुढे काही लागत नाही.

तिने ‘रिमेन’ उजव्या रकान्यात लिहिला. घंटा झाली.

बाहेर फाटकापाशी येईपर्यंत कायबाईने तोंड उघडलं नाही. फाटक ओलांडलं, झाड गेलं, कोपरा आला, आणि मग तिने एकदम मोकळं केलं, “काय? काय? काय? काय? काय झालं?” रस्त्यावरची दोन कुत्री उठून उभी राहिली.

निकाल महिन्याने लागला. चौथ्या प्रश्नात वीसपैकी वीस. वीस उमेदवारांत इतके गुण दुसऱ्या कोणाला नव्हते. न्हाव्याला पाच होते आणि पास व्हायला तेवढे पुरले. तो म्हणाला, भिंत लिंपायच्या आधी डावी बाजू थोडी पाठ झाली होती. सुनेचे केस तो जन्मभर फुकट कापायला तयार होता. तिने ती सोय नवऱ्याच्या केसांना लावून घेतली.

शाळेला मात्र वरच्या कचेरीतून पत्र आलं, ‘जप्त साहित्य सीलबंद लिफाफ्यात पाठवावे.’ शाळेने लिफाफ्याचं माप विचारलं आहे. पत्रव्यवहार चालू आहे. तोवर भिंतीला हात लावायची कोणाला परवानगी नाही, त्यामुळे गिलावा नाही, आणि कायबाईचे तळवे तिच्यावर अजून जसेच्या तसे उमटलेले आहेत.

हंगामाच्या शेवटच्या दिवशी खाण नुसती खरखरत होती. वस्तीतल्या लोकांनी भिंती गाड्यांत भरल्या. यांनीही भरल्या. फक्त यांची गाडी टेकडीकडे वळली.

पंपवाले काकांनी किल्ल्यांचा जुडगा सुनेच्या हातात दिला, मोठी झडप कशी फिरवायची ते दाखवलं आणि गुडघ्याला म्हणाले, “चला.” सुनेने चाकावर दोन्ही हात ठेवले. विटा पाडलेल्या हातांना ते चाक काहीच नव्हतं. ते फिरलं, पंप घरघरला, जमिनीखालून नळ थरथरले, आणि खाली गावात घरोघरी बादल्यांत पाणी पडायला लागलं. नवरा टेकडीच्या कडेला उभा राहून ऐकत होता. “आलं!” तो ओरडला. इतक्या मोठ्याने तो पूर्वी कधीच ओरडला नव्हता.

“काय?” खोलीतून आवाज आला.

“पाणी, आई!”

कायबाई खोलीत सामानामध्ये उभी होती. भिंतीला तळहात लावून बघत होती. मग तिने पाठ लावली. भिंत शेजाऱ्यांकडे गेली नाही. तिने आणखी जोर लावला. भिंत तिथेच.

“तो खिळा कुठे आहे?” तिने सुनेला विचारलं. “लिहायचा?”

सुनेने तो पदराच्या गाठीतून काढला. टोक घासून बोथट झालं होतं. कायबाईने तो भिंतीवर टेकवला, डोक्याच्या उंचीला, आणि हातोडी मारली. चार घावांत तो आत गेला आणि बसला. तिने आरसा उचलला, फडक्याने पुसला आणि खिळ्याला अडकवला.

मग ती समोर उभी राहिली. ताठ. चाळीस वर्षांत पहिल्यांदा उभ्याने आरशात तिला तिचं तोंड समोरासमोर दिसत होतं. ती बघत राहिली. कानामागची बट सारखी केली. दुसऱ्या बाजूने बघितलं.

दारात गवंडी आला होता. आठव्या खाणीवर विटा पाडायला माणसं हवी होती, तो निरोप देत फिरत होता. “तुम्ही लोक कधी निघताय?” त्याने विचारलं. “की...”

“राहणार,” सून म्हणाली.

सगळ्यांनी कायबाईकडे बघितलं. तिचं तोंड उघडलं, सवयीने. आरशातली कायबाईही तोंड उघडून उभी होती. दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

मग दोघींनी तोंड मिटलं, आणि केस विंचरायला घेतले, उभ्यानेच.